सव्वासहाचा गुणाकार

शंभर ग्रॅम कच्चं पांढरं बटन मश्रूम घ्या. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात त्याच्यासमोर २२ कॅलरी आणि ३.१ ग्रॅम प्रथिनं असं लिहिलंय. ब्रिटनच्या १९९१च्या तक्त्यात त्याच मश्रूमला १३ कॅलरी आणि १.८ ग्रॅम प्रथिनं आहेत. अमेरिकी नमुन्यातला नायट्रोजन घेऊन युरोपीय संघाच्या लेबलाच्या नियमानं हिशोब केला तर प्रथिनं होतात ४.४ ग्रॅम. जात, जमीन, हंगाम यांनी थोडा फरक पडतो हे मान्य. पण एवढा नाही. हा फरक मश्रूममधला कमी आणि हिशोबातला जास्त आहे. हेच मश्रूम पिठात बुडवून तळलं की हिशोबाचं काय होतं, हा तर आणखी पुढचा प्रश्न.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोक दिवसभरात काय खातात याची नोंद ठेवणाऱ्या एका ॲपच्या डेटाबेसवर काम करतो. ‘मश्रूम भजी, एक प्लेट’ अशी एक ओळ त्यात भरायची होती. आकडा कुठून तरी उचलायचा आणि पुढे जायचं असंच हे काम असतं. पण तीन ठिकाणी तीन आकडे दिसले की आमच्या जमातीला राहवत नाही. कोडमध्ये कुणीतरी पूर्वी कधीतरी, कारण न लिहिता टाकून ठेवलेल्या आकड्याला आम्ही ‘मॅजिक नंबर’ म्हणतो. तो बदलायची कुणाची हिंमत होत नाही, कारण त्यावर काय काय उभं आहे हे कुणाला ठाऊक नसतं. प्रथिनांच्या हिशोबात असा एक आकडा आहे: ६.२५. सव्वासहा. मश्रूमच्या पोषणमूल्याचा इतिहास हा बराचसा या सव्वासहाचा इतिहास आहे.

मश्रूम म्हणजे झाडावर उगवणारं मांस, ही कल्पना मात्र त्याहून जुनी. इंग्लंडमध्ये चार्ल्स डेव्हिड बॅडम नावाचा डॉक्टरकी सोडून पाद्री झालेला गृहस्थ होता. त्यानं १८४७ साली इंग्लंडमधल्या खाण्याजोग्या अळंब्यांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. शेजारी आयर्लंडमध्ये बटाट्याच्या रोगानं दुष्काळ पडला होता, आणि इथे जंगलात पौष्टिक अन्न कुजून जातंय याची त्याला खंत होती. ओकच्या खोडावर उगवणारी एक लाल, रसदार बुरशी असते. तिला इंग्रजीत आजही बीफस्टेक म्हणतात. ती बॅडमच्या विशेष लाडकी. पुढे अमेरिकेत यादवी युद्धात लढलेल्या कॅप्टन चार्ल्स मॅकिल्व्हेननं शेकडो जातींची मश्रूम स्वतः खाऊन पाहिली आणि १९०० साली हजार अमेरिकी बुरशींवर ग्रंथ काढला. तो जगला कसा हेच आश्चर्य. या मंडळींचा उत्साह खरा होता, आणि गरिबाच्या ताटात मांसाऐवजी काहीतरी पडावं ही तळमळही खरी होती. त्यांना हवा होता तो रसायनशास्त्राचा शिक्का.

तो शिक्का मिळण्यापूर्वीच एका फ्रेंच माणसानं त्यातली अडचण हातात धरली होती, फक्त ती अडचण आहे हे तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. नॅन्सी शहरातल्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख आंरी ब्राकोनो यानं १८११ मध्ये मश्रूम अल्कलीत उकळून पाहिलं. बाकी सगळं विरघळलं, एक चिवट चोथा उरला. त्याला त्यानं ‘फंजिन’ असं नाव दिलं. बारा वर्षांनी ओडिए या दुसऱ्या फ्रेंच माणसाला भुंग्यांच्या कडक पंखकवचात तसलाच पदार्थ मिळाला. अंगरख्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून त्यानं त्याला ‘कायटीन’ म्हटलं, आणि तेच नाव टिकलं. म्हणजे कोळंबीचं साल, झुरळाची पाठ आणि मश्रूमच्या पेशींच्या भिंती यांचं बांधकाम एकाच मालाचं. झाडं आपल्या भिंती सेल्युलोजच्या बांधतात. सेल्युलोजमध्ये नायट्रोजन नसतो. कायटीनमध्ये असतो, वजनाच्या जवळपास ७ टक्के. हा ७ टक्के लक्षात ठेवा.

आता सव्वासहा. १८३८ मध्ये डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यानं ‘प्रोटीन’ हा शब्द छापील वापरात आणला. प्रथिनांत नायट्रोजन असतो. स्निग्धांत, साखरेत, पिठुळात तो नसतो. निरनिराळी प्रथिनं तपासली तर नायट्रोजन सरासरी १६ टक्क्यांच्या आसपास येतो. शंभर भागिले सोळा म्हणजे सव्वासहा. तेव्हा अन्नातला नायट्रोजन मोजा, सव्वासहानं गुणा, की प्रथिनं मिळाली. १८६०च्या दशकात जर्मनीत ग्योटिंगेनजवळच्या वेंडे इथल्या कृषी प्रयोगशाळेत हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी गुरांच्या वैरणीच्या तपासणीची एक ठरीव पद्धत बसवली, आणि त्यात हा गुणाकार पक्का झाला. त्यांनी त्याला नाव प्रामाणिक दिलं होतं: ‘क्रूड प्रोटीन’, म्हणजे ढोबळ प्रथिन. वैरणीच्या गोणीवरून माणसाच्या ताटाकडे येताना त्यातला ‘ढोबळ’ कुठेतरी गळून पडला.

नायट्रोजन मोजणं मात्र तोवर किचकट होतं. ते सोपं केलं बिअरनं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीचा मालक याकोबसेन यानं १८७५ मध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि तिथे लागलेला कुठलाही महत्त्वाचा शोध गुपित ठेवायचा नाही असा नियम घातला. (आजच्या कंपन्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.) तिथल्या योहान केल्डालला बार्लीतली प्रथिनं मोजायची होती, कारण बिअरचा दर्जा त्यावर ठरतो. १८८३ साली त्यानं आपली रीत जाहीर केली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, सगळ्या सेंद्रिय पदार्थाचा चक्काचूर करायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पकडायचा आणि मोजायचा. रीत स्वस्त, भरवशाची, कुठल्याही प्रयोगशाळेत जमणारी. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगभर तीच चालली.

तिचा दोष तिच्या गुणातच आहे. आम्लात सगळ्याचा चक्काचूर झाल्यावर नायट्रोजन कुठून आला हे सांगायला कुणी उरत नाही. प्रथिनातला नायट्रोजन आणि बाकीचा नायट्रोजन सारखाच मोजला जातो. हा तात्त्विक मुद्दा नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच कारणानं. मेलामाइनमध्ये दोन तृतीयांश नायट्रोजन. तपासणीत प्रथिनं भरपूर दिसली, सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली आणि ६ दगावली. तिथे माणसांनी लबाडी केली होती. मश्रूम लबाडी करत नाही, पण कायटीनमधला तो ७ टक्के नायट्रोजन, शिवाय युरिया आणि सुटी अमिनो आम्लं, हे सगळं त्याच्या पेशींत मुळातच असतं. केल्डालच्या चंबूला ते प्रथिनच वाटतं.

हे सर्वांत आधी नीट तपासणाऱ्यांमध्ये येल विद्यापीठाचा लफायेट मेंडेल होता. (वाटाणेवाला मेंडेल वेगळा.) १८९८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’ नव्यानं सुरू झालं. त्याच्या पहिल्याच खंडात त्यानं खाण्याजोग्या अमेरिकी बुरशींच्या पोषणमूल्यावर निबंध लिहिला. एकूण नायट्रोजनपैकी प्रथिनांचा किती आणि इतर किती हे त्यानं वेगळं काढलं, आणि पाचक रसांनी त्यातलं किती पचतं तेही पाहिलं. बराचसा नायट्रोजन प्रथिनांचा नव्हताच, आणि जो होता तोही सगळा पचत नव्हता. मश्रूम चवीला चांगलं, जेवणाला जोड म्हणून उत्तम, पण मांसाच्या रांगेत बसवायला नको, असा त्याचा एकंदर सूर. हाच मेंडेल पुढे थॉमस ऑसबर्नबरोबर उंदरांवर प्रयोग करून सगळी प्रथिनं सारखी नसतात, लायसीन आणि ट्रिप्टोफॅनवाचून चालत नाही, हे सिद्ध करणार होता. मला त्याचा मश्रूमवरचा निबंध त्या मोठ्या कामाची तालीम वाटतो. एकूण आकडा बाजूला ठेवून आतलं काय आहे ते विचारायची सवय इथेच दिसते.

अमेरिकी सरकारी तक्त्यांनी ही दुरुस्ती कालांतराने स्वीकारली. १९३१ मध्ये कृषी खात्याच्या जोन्सनं एक पत्रक काढून सगळ्या अन्नाला सव्वासहा लावू नका असं सांगितलं. दुधाला ६.३८, गव्हाला ५.७, भाताला ५.९५ असे वेगळे गुणक आले. मश्रूमचा गुणक त्या खात्याच्या तक्त्यांत ४.३८ आहे. हा कुठून आला ते गणित करून बघा: सव्वासहाचे ७० टक्के. कॅलरींचंही तसंच. एरवी एक ग्रॅम प्रथिनाला ४, स्निग्धाला ९, कर्बोदकाला ४ असं आपण पाठ केलेलं असतं. ते विल्बर ॲटवॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञाचं काम. १८९०च्या दशकात माणसांना दिवसचे दिवस एका खोलीवजा पेटीत ठेवून त्यांची उष्णता मोजत त्यानं ते आकडे बसवले. मश्रूमच्या प्रथिनाला मात्र अमेरिकी तक्ता ४ ऐवजी २.६२ लावतो, कारण ते कमी पचतं. सरसकट ४-९-४ लावलं असतं तर २२ कॅलरींच्या जागी २८ झाल्या असत्या.

एक गंमत यात लपलेली आहे. या तक्त्यातली कर्बोदकं कुणी मोजलेली नसतात. शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्ध आणि राख वजा करायची. उरलं ते कर्बोदक. म्हणजे प्रथिनांचा गुणक खाली आणला की कर्बोदकं आपोआप वाढतात. कायटीन एका खान्यातून हाकललं तर दुसऱ्यात जाऊन बसतं. ब्रिटिशांनी पचणारी साखर आणि पिठुळच मोजलं, बाकी सोडून दिलं. त्यांच्या १३ कॅलरींचं हे मुख्य कारण. आणि युरोपीय संघाच्या २०११च्या नियमात प्रथिनाची व्याख्या अगदी सरळ आहे: केल्डाल नायट्रोजन गुणिले ६.२५. मश्रूमसाठी अपवाद नाही. कायदा करणाऱ्यांना सगळ्यांना लागू पडणारी एक ओळ हवी असते, हे मी समजू शकतो.

याचा त्रास कुणाला होतो? माझ्या आईला झाला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञानं तिला रोज ५५ ग्रॅम प्रथिनं खायला सांगितली. ती अंडंही खात नाही. नात्यातल्या ग्रुपवर कुणीतरी ‘मश्रूममध्ये ४० टक्के प्रोटीन, मटणाच्या दुप्पट’ असं पाठवलं होतं आणि ती आठवड्यातून चार दिवस मश्रूम आणायला लागली. तो ४० टक्के खोटा नाही. मश्रूममध्ये ९२ टक्के पाणी असतं. ते सगळं काढून टाकलं तर उरलेल्या साडेसात ग्रॅममध्ये तीन ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. सव्वासहानं गुणलं तर ५८ टक्केही म्हणता येईल. त्याच रीतीनं पालकातही ३३ टक्के निघतात, पण पालकाला कुणी मटण म्हणत नाही. मटणाचा आकडा पाण्यासकट आणि मश्रूमचा पाण्याविना, अशी ती तुलना. आईला म्हटलं, “५५ ग्रॅम हवे असतील तर रोज पावणेदोन किलो मश्रूम खावं लागेल, अमेरिकी हिशोबानं.” ती म्हणाली, “आणि त्यांची भजी केली तर?”

आईचा प्रश्न थट्टेतला होता, पण तो शास्त्रानं फार उशिरा विचारलेला प्रश्न आहे. जुने तक्ते जवळजवळ सगळे कच्च्या मालाचे. माणसं कच्चा माल खात नाहीत. हे गंभीरपणे घेणारी जोडी लंडनमध्ये भेटली, आणि तीसुद्धा स्वयंपाकघरात. १९३३ साली किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यात रॉबर्ट मॅकान्स हा डॉक्टर मांस शिजवताना त्यातून काय काय निघून जातं ते तपासायला येत असे. तिथे आहारशास्त्राच्या शिक्षणासाठी एल्सी विडोसन आली होती. सफरचंदांवर डॉक्टरेट केलेली. मॅकान्सचे फळांतल्या साखरेचे आकडे तिनं पाहिले आणि ते चुकल्याचं त्याला सरळ सांगितलं: तुमच्या रीतीत आम्लानं काही फ्रुक्टोज नष्ट होतं, म्हणून आकडा कमी येतो. मॅकान्सनं रागावण्याऐवजी तिला संशोधनासाठी पैसे मिळवून दिले. त्या दोघांनी पुढे साठ वर्षं एकत्र काम केलं. युद्धाच्या सुरुवातीला दोघं रेशनपेक्षाही कडक आहारावर राहिले, मुख्यतः पाव, कोबी आणि बटाटे, आणि मग लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत चालून, सायकली हाणून अंगात ताकद उरलीय का ते पाहिलं. ब्रिटिश पावात कॅल्शियम घालायचं ठरलं त्यामागे या दोघांचं काम होतं.

१९४० मध्ये त्यांचा तक्ता पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. त्याचं वेगळेपण हे की त्यात शिजवलेलं अन्नही होतं. उकडलेलं, भाजलेलं, तळलेलं, पानात पडतं तसं. आजही ब्रिटनच्या अधिकृत तक्त्यावर ‘मॅकान्स आणि विडोसन’ हीच नावं असतात. १९९१च्या आवृत्तीत कच्च्या मश्रूमच्या १३ कॅलरींखाली तेलात तळलेल्या मश्रूमची ओळ आहे: १५७ कॅलरी, स्निग्ध १६.२ ग्रॅम. कच्च्यात स्निग्ध अर्धा ग्रॅम. म्हणजे तळलेल्या मश्रूमच्या १५७ पैकी जवळपास १४६ कॅलरी तेलाच्या. आणि यात पीठ नाही, वरचं आवरण नाही, नुसतंच तळलेलं मश्रूम.

इतकं तेल आत जातं कसं? मश्रूम म्हणजे बारीक धाग्यांची जाळी, मध्ये हवा, आणि धाग्यांत पाणी. पावणेदोनशे अंशांच्या तेलात पडलं की पाण्याची वाफ होते आणि ती जोरात बाहेर येते. आपल्याला दिसतात ते बुडबुडे हेच. वाफ बाहेर ढकलत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव नसतो. खरा घात कढईबाहेर होतो. झाऱ्यानं भजी वर काढली की आतली वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं, आतला दाब एकदम घटतो आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. १९९०च्या दशकात बटाट्याच्या कापांवर झालेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं. म्हणून कढईवरच झारा आपटून तेल निथळणारी आजी बरोबर असते, आणि थंड झाल्यावर कागदावर पसरणारा उशीर करतो.

तळण्याची बाजूही मांडायला हवी. रायबोफ्लेविन आणि नायसिन ही मश्रूममधली खरी दौलत, आणि दोन्ही जीवनसत्त्वं उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. उकळून पाणी फेकलं तर ती पाण्याबरोबर जातात. तळताना पाणी वाफ होऊन जातं आणि वाफेबरोबर ती उडून जात नाहीत. बटन मश्रूममध्ये ॲगॅरिटिन नावाचं एक नकोसं रसायन असतं, ते तळल्यानं कमी होतं. कायटीन मात्र पाण्यातही विरघळत नाही आणि तेलातही. कितीही शिजवलं तरी मश्रूमचा वांग्यासारखा लगदा होत नाही तो त्याच्यामुळेच. स्पेनमधल्या ला रिओहा इथल्या संशोधकांनी बटन, शिताके, धिंगरी आणि किंग ऑयस्टर ही चार मश्रूम उकळून, तळून, भाजून आणि मायक्रोवेव्हमध्ये शिजवून पाहिली. २०१७ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात तळलेल्यांत प्रथिनं आणि कर्बोदकं सर्वांत जास्त घटली, स्निग्ध आणि ऊर्जा वाढली. भाजणं आणि मायक्रोवेव्ह बरं ठरलं. बातम्यांनी त्यावरून ‘तळल्याने प्रथिने नष्ट’ असे मथळे करायला हरकत नाही, पण टक्केवारी वाचताना छेद बघावा. शंभर ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम तेल घुसलं की बाकी सगळ्यांचा वाटा घटणारच, कुणी पळून गेलं नाही तरी.

आता आईची भजी. समजा मश्रूम १०० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम आणि प्यायलेलं तेल २० ग्रॅम. मश्रूमच्या २२ कॅलरी, बेसनाच्या १५५, तेलाच्या १८०. एकूण साडेतीनशेच्या थोडं वर, त्यात मश्रूमचा वाटा सहा टक्के. प्रथिनं बारा ग्रॅम, त्यातली नऊ बेसनाची. हा हिशोब ऐकून आई म्हणाली, “मग मी पिठलंच करते की.” आणि केलं.

ॲपच्या ओळीचा प्रश्न तरीही राहिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय तक्त्यात ५२८ खाद्यपदार्थ आहेत, आणि मश्रूमचा गट भाज्यांपासून वेगळा काढलेला आहे. मला ते आवडलं. अमेरिकी तक्ता अजून त्यांना भाज्यांतच धरतो, व्हिटेकरनं १९६९ मध्ये बुरशींना स्वतंत्र सृष्टी देऊनही. पण हैदराबादचा तक्ता कच्च्या मालाचा. भजीची ओळ आपणच रचायची असते: कच्च्या मालाची बेरीज, शिजवताना काय टिकतं याचे ठोकताळे आणि तेलाचा अंदाज. पहिल्या दोन गोष्टी तक्त्यांतून मिळतात. तिसरी प्रत्येक घरात वेगळी. म्हणून त्या ओळीत मी तेलाचा आकडा भरला नाही, तिथे रकाना ठेवला आणि शेजारी सूचना लिहिली: तळण्याआधी तेलासकट कढई वजन करा, तळून झाल्यावर गार होऊ द्या, पुन्हा वजन करा, आणि वजाबाकीला भज्यांच्या संख्येनं भागा.